उसना घाम

माझ्या भावाचं पोट शेहेचाळीस इंच होतं. बेंबीवरून टेप धरून, श्वास न ओढता शेहेचाळीस. श्वास ओढून तो पंचेचाळीस दाखवायचा आणि वर मलाच म्हणायचा, "बघ ताई, उतरलं की नाही?"

मी उज्ज्वला पिसाळ. साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं पीटी शिकवली. गावात मला नावानं कोणी ओळखत नाही, 'पीटीच्या बाई' म्हणतात. शिस्तीची म्हणून प्रसिद्ध आहे मी, आणि ते खोटं नाही. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर धनू हाच माझा संसार. धनू म्हणजे धनंजय, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लग्नामुंजींच्या जेवणांची कामं घ्यायचा. पाचशे पानांच्या पंगतीची भाजी एका नजरेत जोखणारा माणूस, पण स्वतःच्या ताटात किती पडलं ते त्याला कधी कळलं नाही.

आमचं भांडण लहानपणापासूनचं आणि एकच. मी म्हणायची, हल जरा, चार पायऱ्या चढ. तो म्हणायचा, "अगं, व्यायामानं भूक लागते. त्यापेक्षा उद्यापासून कमी खातो." आणि तो उद्या काही यायचा नाही. बिचाऱ्याचा धंदाच तसला. आचाऱ्यानं चव घ्यायची नाही तर कुणी घ्यायची?

दोन हजार एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या मांडवात तो चक्कर येऊन पडला. तपासण्या झाल्या. हृदयाची मोठी झडप आवळत चालली होती. ती बदलायला हवी होती, पण यकृत चरबीनं इतकं लिबलिबीत झालेलं की सर्जन हात लावेनात. म्हणाले, पोट चाळीस इंचांवर आणा, यकृत हलकं होऊ दे, मग कार्तिकात करू. दिवाळीच्या पुढे थांबण्यात धोका आहे. वजन उतरवायची इंजेक्शनं दिली तर दोन आठवडे नुसत्या उलट्या. व्यायाम करावा तर आवळलेल्या झडपेनं जिना चढायलासुद्धा बंदी. राहिलं पथ्य. धनूनं पथ्य पाळलं अकरा दिवस. बाराव्या दिवशी त्याची बायको मेघना रडत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, फ्रिजच्या मागे बाकरवड्या सापडल्या."

तेव्हा नसीमानं आम्हाला बोलावलं. डॉक्टर नसीमा तांबोळी. मोठी डॉक्टर झाली असली तरी माझ्यासाठी ती सातवी ब मधली, खो-खोत खांबाला शिवून वळणारी पोरगी. तिनं साताऱ्यात एक नवं केंद्र काढलं होतं.

"बाई, पोटावर दोन तऱ्हेची चरबी असते," ती म्हणाली. "एक कातडीखाली, चिमटीत धरता येते ती. दुसरी आत, आतड्यांना आणि यकृताला वेढून बसलेली. खरी वाईट ती. कमी खाल्लं की दोन्ही उतरतात, पण त्यांच्याबरोबर थोडा स्नायूही उतरतो. व्यायामाचं उलटं आहे. काटा फारसा हलत नाही, माणूस कंटाळून सोडून देतो, पण आतली चरबी मात्र हटायला लागते. का? कारण स्नायू काम करतो तेव्हा रक्तात निरोप सोडतो. यकृताला, चरबीला, सगळ्यांना. म्हणतो, काम चालू आहे, साठा मोकळा करा."

"मग?"

"आम्ही तो निरोप रक्तातून वेगळा काढतो. तुम्ही दीड तास सायकल मारायची. तुमचं रक्त यंत्रातून फिरतं, निरोप तेवढे आम्ही गाळून घेतो, रक्त परत तुम्हाला. मग ते पंचवीस पट घट्ट करून धनंजयरावांना टोचायचे. फक्त सख्ख्या नात्यातलेच चालतात, परक्याचे अंग स्वीकारत नाही."

"म्हणजे घाम मी गाळायचा आणि पोट याचं उतरणार?"

"अगदी तसंच."

धनू खुर्चीत मागे रेलून हसला. "ताई, जन्मभर मला पळवायला बघत होतीस ना? घे, आता माझ्या वाटचं तूच पळ."

गावात या औषधाला उसना घाम म्हणायला लागले होते. केंद्रातली पोरं नियम वाचून दाखवायची. देणाऱ्यानं सायकलीच्या दोन तास आधी नीट जेवलेलं असावं. दर वेळी बोट टोचून रक्त बघावं, कुणी उपाशी तर नाही ना. पहिल्याच दिवशी पोरीनं माझं बोट धरलं तशी नसीमा आतून म्हणाली, "अगं, त्या माझ्या बाई आहेत. बाईंची कसली तपासणी करतेस? त्यांनी सांगितलं जेवले, की जेवल्या." मला तेव्हा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

ज्येष्ठात सुरुवात केली. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सातला. चोपन्नाव्या वर्षी पोरींच्या बरोबरीनं सायकल मारत होते. तीन आठवड्यांत धनूचा एक इंच उतरला. एकच! कार्तिकापर्यंत असे पाच कसे उतरणार होते?

एका दुपारी मी त्याच्या कामावर गेले, मंगल कार्यालयाच्या मागच्या दारानं. धनू कढईपाशी उभा राहून वाटीनं बासुंदी पीत होता. पहिली नव्हती ती वाटी, मिशाच सांगत होत्या.

"चव बघतोय गं."

"बघ, बघ! मी तिकडे पाय मोडेपर्यंत सायकल मारते आणि तू इकडे चवी बघ! लाज नाही वाटत?"

आचाऱ्यांसमोर बोलले. तो खाली बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, मला जमत नाही. खरंच जमत नाही. जमलं असतं तर केलं नसतं का?"

रस्ताभर चडफडत घरी आले आणि देवासमोर बसले. चार दिवसांनी आषाढी एकादशी होती, चातुर्मास लागणार होता. आमची आई दर चातुर्मासात काही ना काही नेम धरायची, आणि तो स्वतःसाठी कधीच नसायचा. धनू पाच वर्षांचा असताना विषमज्वरानं अंथरुणाला खिळला, तेव्हा तिनं चार महिने मीठ सोडलं. धनू उठला. तापाच्या गोळ्यांनी उठला असेल, मला काय कळत नाही? पण घरात सगळ्यांच्या मनात एवढंच राहिलं की आईनं मीठ सोडलं आणि धनू उठला.

मी विचार केला, व्यायाम दुसऱ्यासाठी करता येतो हे तर आता यंत्रानंच दाखवलंय. मग पथ्य का नाही करता येणार? त्याला जमत नाही ना, मग ते पण मीच करते.

चातुर्मासभर एकभुक्त राहायचं ठरवलं. दुपारी बाराला एकदा जेवायचं, मग दुसऱ्या दिवशी बारापर्यंत पाणी. म्हणजे सकाळी सायकलीवर बसायची तेव्हा पोटात अन्न जाऊन एकोणीस तास झालेले असायचे. केंद्रातली पोरगी विचारायची, "बाई, काय खाल्लंत?" मी म्हणायची, "दोन पोळ्या आणि मटकीची उसळ." ती लिहून घ्यायची. नेम बोलून दाखवायचा नसतो हे एक कारण. दुसरं खरं कारण सांगते. मला वाटलं, तो नियम चक्कर येणाऱ्यांसाठी आहे, मला कशाला लागू होतोय? तीस वर्षं मी उन्हात उभी राहिले, कधी पडले नाही.

आणि देवाशप्पथ, पोट उतरायला लागलं. पंधरा दिवसांत दीड इंच. नसीमा सुद्धा चकित झाली. धनूनं पट्ट्याला नवीन भोक पाडून आणलं आणि मला फोनवर दाखवलं. मला तर काय, स्वर्ग दोन बोटं उरला. श्रावण लागला तसं मी एका वेळचं जेवणही सोडलं. दूध आणि एक राजगिऱ्याचा लाडू, बस.

मी त्याच्यासाठी राबते याचं धनूला मनातून लागलेलं होतं. प्रत्येक सायकलीच्या दिवशी त्याचा माणूस माझ्याकडे डबा आणून द्यायचा. कधी साजूक तुपातला शिरा, कधी भरली वांगी, कधी आंबेहळद घातलेलं वरण. वर चिठ्ठी, 'घाम तुझा, तूप माझं.' मी तो डबा तसाच आमच्या शाळेतल्या शिपाई कमलमावशीला द्यायची. तिची चार नातवंडं. डबा घासूनपुसून परत जायचा आणि संध्याकाळी धनूचा फोन यायचा, "आवडलं ना गं?"

"आवडलं."

भाद्रपदात एक्केचाळीस इंच झाले. त्याच सुमारास धनू म्हणाला, "ताई, पातेलं उचलवत नाही आताशा. मांड्या थरथरतात. गालफडं बघ कशी बसलीत."

मी काय म्हणाले माहितीय? म्हणाले, "आयतं उतरलं की असंच होतं. आळशी झालायस. नाटकं करू नकोस." मी माझ्या तोंडानं बोलले हे. मेघना पण म्हणाली, ताई, हे जेवतात पूर्वीसारखंच, पण अंगी लागत नाही. मी तिला म्हणाले, "अगं, तेच तर पाहिजे होतं आपल्याला!" दोघी हसलो आम्ही.

नवरात्रात टेपवर चाळीस आलं. मेघनानं शेजारीपाजारी पेढे वाटले. सर्जननी तारीख दिली, आणि शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासण्या झाल्या त्याच दुपारी नसीमाचा फोन आला. "बाई, एकट्या या."

ती टेबलाच्या पलीकडे बसली होती. मला बघून उठली नाही. ती माझ्यासाठी उठली नाही असं पहिल्यांदाच झालं.

"बाई, सायकलीला येताना तुम्ही जेवून येत होता?"

"का गं?"

"प्रत्येक पिशवीतला थोडा नमुना आम्ही राखून ठेवतो. आज सगळे काढून तपासले. मला खरं सांगा."

तीस वर्षं मी पोरींना असंच समोर उभं करून विचारत आले. मी मान खाली घातली आणि सांगितलं. नेम, दूध, लाडू, सगळं.

नसीमानं समोरची नमुन्यांची यादी पालथी घातली. मग सावकाश बोलायला लागली. "भरल्या पोटाचा स्नायू काम करतो तेव्हा म्हणतो, साठा मोकळा करा. उपाशी स्नायूला काम करायला लावलं की तो वेगळं बोलतो. म्हणतो, दाणा संपला, आता अंगच मोडून खा. तुमच्या अंगात ते हळू बोलणं असतं, दुपारी दूध प्यायलात की थांबतं. आम्ही ते पंचवीस पट करून त्यांना टोचलं, आठवड्यातून तीनदा, तीन महिने. धनंजयराव पोटभर जेवत होते, बाई, पण त्यांच्या अंगाला वाटत होतं दुष्काळ पडलाय. चरबी गेलीच. तिच्याबरोबर दंड गेले, मांड्या गेल्या. आणि हृदय हासुद्धा स्नायूच आहे."

"मग आता झडप..."

"आता त्या हृदयाला शस्त्रक्रिया झेपणार नाही."

"मी जेवते. आत्ता जेवते. भरल्या पोटानं रोज सायकल मारते, दिवसातून दोनदा मारते. उलटं फिरेल ना?"

"तुमच्या शेवटच्या पिशवीचा रिपोर्ट पण बघितलाय मी. तुमच्याच अंगात आता द्यायला काही उरलेलं नाही. आणि उरलं असतं तरी तेवढा वेळ नाही." मग तिचा आवाज फुटला. "चूक माझीही आहे. प्रत्येकाचं बोट टोचते मी. फक्त तुमचं नाही टोचलं. तुम्ही खोटं बोलाल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. हे मी वर लिहून कळवणार आहे. पण धनंजयरावांना सांगायला हवं. मी सांगू?"

"मीच सांगते," म्हणाले.

धनू ओसरीवर आरामखुर्चीत बसला होता, पांघरूण घेऊन. मेघना बाजारात गेली होती. मी त्याच्यासमोर स्टुलावर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, पण रडले.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. हृदयाबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाला, "म्हणजे तू तीन महिने जेवली नाहीस?"

"नाही."

"आणि डबे?"

"कमलमावशीला देत होते."

"सगळे?"

"सगळे."

तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं. एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. "पहाटे चारला उठून करायचो गं मी. माणसांवर सोडलं नाही. भांड्याला हात थरथरायचा तरी मीच ढवळायचो. म्हटलं, माझ्यासाठी झिजतीय, तिच्या पोटात तरी काही चांगलं जाऊ दे."

मी त्याचे पाय धरले. त्यानं मला उठवायचा प्रयत्न केला, पण त्याच्या हातांत तेवढा जोर नव्हता, म्हणून माझी मीच उठले. मग तो म्हणाला, "मेघनाला सांगू नकोस. मी गेल्यावर तिला कोण आहे? तुझ्यावर तिचा जीव आहे. तेवढं तरी राहू दे. शपथ घे माझी."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मार्गशीर्षात, एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच तो गेला. पोट अडतीस इंच होतं. नेसवायचं धोतर कमरेला थांबेना, तेव्हा मेघनानंच ते सुतळीनं बांधलं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मेघना सांगायची, "ताईंनी सख्खी आई करणार नाही एवढं केलं. नशिबानंच साथ दिली नाही." बायका माझ्याकडे वळून हात जोडायच्या. मला ते हात तोडून टाकावेसे वाटायचे, पण मी शपथ घेऊन बसले होते.

माघात तिनं मला जेवायला बोलावलं. पुरणपोळी केली होती. त्या घरात धनू गेल्यापासूनचा तो पहिलाच गोडाचा स्वयंपाक. मी म्हटलं, आज काय गं? ती माझ्या पानात तूप वाढत म्हणाली, "सांगते ना. आधी बसा."

मग तिनं सांगितलं. पार्थची, त्यांच्या एकुलत्या एक मुलाची, पुण्याच्या ऑफिसात तपासणी झाली होती. सव्वीसचा पोरगा, घेर त्रेचाळीस, यकृतावर चरबी. दिवसभर बसून काम. सांगून ऐकत नाही, बापासारखाच. पुण्याच्या केंद्रात मेघनानं नाव घातलं होतं. आईचं मुलाला चालतं.

"मंगळवारपासून सायकल सुरू," ती म्हणाली. कित्येक आठवड्यांनी तिच्या चेहऱ्यावर उजेड दिसत होता. "तुम्ही भावासाठी केलंत, मी आई असून नको करू?" मग जवळ सरकली. "आणि ताई, कुणाला बोलू नका, पण मी सोळा सोमवार पण धरतेय त्याच्यासाठी. कडक. पाणीसुद्धा नाही. सोमवार झाला की मंगळवारी तशीच सायकलीवर बसणार, म्हणजे त्याचं पुण्य लगेच त्याला पोचेल."

मी हातातला घास पानात परत ठेवला. "अगं, ते विचारतात जेवलात का म्हणून. आता तर प्रत्येकाचं बोट टोचतात."

"टोचू देत. पार्थच्या मित्राच्या आईनं युक्ती सांगितलीय. आधी चमचाभर मध चाटायचा, काही कळत नाही. आणि विचारलं तर सांगायचं जेवले. खरं कोण सांगतंय त्यांना?"

मी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. धनूची शपथ आठवली. त्याचा तो बिनताकदीचा हात आठवला. मनातल्या मनात म्हणाले, धन्या, माफ कर, तुझं पोर आहे.

"मेघना, मी पण तेच सांगत होते. जेवले म्हणून. आषाढापासून मी उपाशी सायकल मारत होते. धनू त्यामुळं गेला. नशिबानं नाही. माझ्या उपासानं गेला."

तिला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, नसीमानं सांगितलं होतं तसं. दुष्काळाचं, मांड्यांचं, हृदयाचं. त्याला माहीत होतं, त्यानं मला शपथ घातली होती, हेही सांगितलं. सांगत असताना तिनं तिचं मनगट माझ्या हातातून सोडवून घेतलं, सावकाश, एकेक बोट काढून.

मला वाटलं, आता ही माझं ताट उचलून फेकणार. फेकलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं फोन उचलला आणि पुण्याच्या केंद्रातलं स्वतःचं नाव काढून टाकायला सांगितलं. आवाज अगदी सरळ होता. फोन ठेवला. मग डब्यातली आणखी एक पोळी काढून माझ्या पानात वाढली, तिच्यावर तूप घातलं.

"जेवा," म्हणाली.

"मेघना, मला जात नाही गं."

"जेवा. मी बघतेय."

मी जेवले. ती समोर पाटावर बसून राहिली, शेवटचा घास गिळून होईपर्यंत. मग उठून तिनं माझ्यासाठी दार उघडलं. मी पायरी उतरले तशी मागून कडी लागली.